परमुलखातील बंदिवान आणि राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा

आंतरराष्ट्रीय कायद्याचा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात बहुधा शेवटी येतो. तोपर्यंत परीक्षा जवळ आलेली असते, आणि शिक्षक व विद्यार्थी असे दोघेही तो घाईने उरकतात. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होऊन बसतो की, हा कायदा म्हणजे जिनिव्हा व हेग अशा दूरच्या शहरांत मुत्सद्द्यांनी लिहून ठेवलेले कागद होत, आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याशी किंवा त्याच्या मुलाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेस माणसे दिली, व त्यांपैकी काही परमुलखात शत्रूच्या हाती सापडली. स्वातंत्र्याच्या चळवळीत येथील कित्येक माणसे स्वतःच्याच मुलखात तुरुंगात पडली. आणि सांगलीस जन्मलेल्या एका गृहस्थासाठी तर हिंदुस्थान सरकारला थेट हेगच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. म्हणून बंदिवानाच्या हक्कांची ही हकीगत आपल्याच मुलखाच्या अंगाने सांगण्याचे येथे योजिले आहे.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्यास लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, कारण तेथे घरोघर शिपाई. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ गावात आहे. अशा गावांतून मराठा पलटणींची भरती होत असे. त्यांपैकी १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे हल्लीच्या इराकात, गेल्या. टायग्रिस नदीच्या वळणावर कुट-अल-अमारा या गावी तुर्कांनी त्यांना वेढले. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत वेढा चालला. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि आमचे कितीएक शिपाई धर्मबुद्धीने तेही मांस नाकारीत राहिल्यामुळे त्यांचे हाल विशेष झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली.

पुढची कथा वेढ्याहून दारुण आहे. अर्धपोटी, आजारी माणसांना भर उन्हाळ्यात वाळवंटातून शेकडो मैल चालविण्यात आले. जे वाटेत पडले ते तेथेच राहिले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामास जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक, आणि हिंदी शिपायांपैकी सुमारे अडीच हजार, त्या बंदिवासात नाहीसे झाले. त्यांचा सेनापती टाऊनशेंड मात्र राजधानीजवळच्या एका रम्य बेटावर पाहुण्यासारखा राहिला होता. हा भेद वाचताना संताप येतो, व तो यावाही.

येथे विद्यार्थी विचारील की, त्या वेळी कायदा नव्हता काय? होता. १८९९ व १९०७ साली हेग येथे भरलेल्या परिषदांनी, युद्धकैद्यांस माणुसकीने वागवावे, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. परंतु कैदी कोठे आहे, त्यास काय खावयास मिळते, तो जिवंत तरी आहे की नाही, हे त्या वाळवंटात जाऊन पाहणारा कोणी नव्हता. जो नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यास कोणी नाही, तो नियम बंदिवानाच्या उपयोगी पडत नाही. युद्धानंतर १९२३ साली लोझान येथे तुर्कांशी तह झाला, त्यासोबत सर्वसाधारण माफीही जाहीर झाली, आणि त्या वाळवंटातल्या मृत्यूंचा जाब मागण्याचे राहून गेले.

या कामी ज्या संस्थेने पुढे जग बदलून टाकिले ती रेडक्रॉस होय. सॉल्फेरिनो येथे १८५९ साली झालेल्या लढाईनंतर जखमींची दैना हेन्री ड्यूनां या स्विस व्यापाऱ्याने डोळ्यांनी पाहिली. त्यातून १८६३ साली ही संस्था व १८६४ साली जिनिव्हाचा पहिला करार निघाला, हे पाठ्यपुस्तकात येते म्हणून विस्तार करीत नाही. पाठ्यपुस्तकात जे येत नाही ते असे. १९१४ च्या ऑगस्टात युद्ध पेटताच या संस्थेने जिनिव्हा येथे कैद्यांची माहिती गोळा करणारी एक कचेरी उघडली. तिचे मुख्य हत्यार कोणते, तर साधे जाड कागदाचे कार्ड! शत्रुराष्ट्रांकडून येणाऱ्या याद्यांवरून प्रत्येक कैद्याचे नाव, पलटण व क्रमांक एका कार्डावर उतरावयाचे. घरून चौकशीचे पत्र आले की त्याचेही कार्ड करावयाचे. दोन कार्डे एकमेकांस जुळली की एखाद्या आईला आपला मुलगा जिवंत असल्याचे कळे. त्या युद्धात अशी सुमारे ७० लक्ष कार्डे झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात सुमारे ३ कोटी ६० लक्ष.

वरवर पाहता ही कारकुनी दिसते. पण विचार केला असता तिचे मर्म ध्यानात येईल. ज्याचे नाव बाहेर कोणाच्या तरी दप्तरी नोंदलेले आहे, त्याला गुपचूप नाहीसे करणे कठीण. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला ठाऊक असते की, उद्या कोणी तरी येऊन याचे नाव घेऊन विचारणार. बंदिवानाचे रक्षण सुटकेपासून सुरू होत नसून त्याच्या नावाच्या नोंदीपासून सुरू होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि पुढील सर्व हकीगत त्याच दृष्टीने वाचावी.

२७ जुलै १९२९ रोजी जिनिव्हा येथे युद्धकैद्यांविषयीचा स्वतंत्र करार झाला, त्यात हे तत्त्व पक्के करण्यात आले. कैद्यास हिंसा, अपमान व बघ्यांची गर्दी यांपासून राखावे. त्याने आपले नाव व हुद्दा किंवा पलटणीतील क्रमांक एवढे सांगितले म्हणजे पुरे, अधिक वदविण्यासाठी बळजोरी करू नये. छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत त्यास घरी एक कार्ड लिहू द्यावे. तटस्थ राष्ट्राच्या प्रतिनिधींनी छावणीत येऊन कैद्यांशी एकांतात बोलावे.

आता एक कल्पना करू. १९४३ साल आहे, आणि वाळवे तालुक्यातील एका घरचे दोन मुलगे बंदीत आहेत. थोरला फौजेत होता. तो आफ्रिकेच्या रणात इटालियनांच्या हाती सापडला, व इटलीतील आव्हेझ्झानो येथील हिंदी कैद्यांच्या छावणीत आहे. धाकटा 'चले जाव' चळवळीत पकडला जाऊन आपल्याच प्रांतातील तुरुंगात आहे. थोरल्याचे कार्ड जिनिव्हास आहे, त्याची छावणी पाहण्यास प्रतिनिधी येतात, त्यास रेडक्रॉसची पार्सले मिळतात. धाकट्यास यांतले काहीच नाही. का? तर १९२९ चा करार दोन राष्ट्रांतील युद्धापुरता होता. आपल्याच प्रजाजनास सरकार कसे वागविते, ही त्या काळी सरकारची घरगुती बाब समजली जाई. शत्रूच्या कैदेतला भाऊ कायद्याच्या छायेत, आणि स्वदेशातला उन्हात, असा हा विलक्षण प्रकार होता.

अर्थात थोरलादेखील जपानच्या हाती पडला असता तर त्याचे नशीब वेगळे झाले असते. जपानने त्या करारावर सही केली होती, पण तो मंजूर करून स्वतःवर बंधनकारक करून घेतला नव्हता. टोकियोच्या लष्करी न्यायासनापुढे आलेले आकडे असे आहेत की, ब्रिटन व अमेरिका यांच्या कैद्यांपैकी जर्मनी व इटली यांच्या ताब्यात शेकडा ४ मेले, आणि जपानच्या ताब्यात शेकडा २७.

घरच्या तुरुंगाकडे पुन्हा वळू. त्या काळी सातारा व हल्लीचा सांगली जिल्हा मिळून बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता, सांगली शहर मात्र संस्थानात होते. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाले. वडुजेस परशुराम घार्गे व त्यांचे सोबती पडले, इस्लामपुरास उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे पडले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, त्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबू जाधव यांना गोळ्या लागून मृत्यू आला, आणि दादांच्या खांद्यास गोळी लागली. हे सर्व आपल्या जिल्ह्यांत मुलांना तोंडपाठ असते. परंतु एक गोष्ट भाषणांत क्वचितच सांगितली जाते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या काळात खेड्यांत जी न्यायदान मंडळे चालली, त्यांनी गुंड, दरोडेखोर व सावकारी जाच यांपासून लोकांस पुष्कळ दिलासा दिला. पण तळपायांवर काठ्या मारण्याची कठोर शिक्षाही त्या काळी दिली गेली, आणि 'पत्री सरकार' या नावाशी लोकांच्या बोलण्यात तीच शिक्षा जोडली गेली. ज्यांच्याविषयी आपणांस अभिमान आहे, त्यांच्या हाती सापडलेल्या माणसाची बाजूही शाळेत सांगितली गेली पाहिजे. एरवी हा विषय शिकविण्यात अर्थ नाही.

१२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे चार नवे करार झाले, तेव्हा नेमकी ही उणीव भरून काढण्यात आली. चारही करारांत तिसरे कलम एकच आहे. ते असे सांगते की, एखाद्या देशाच्या आतल्या आत सशस्त्र झगडा चालू असला तरी, जो लढत नाही किंवा ज्याने शस्त्र खाली ठेविले आहे, त्याचा वध, छळ अथवा मानहानी करू नये, व रीतसर न्यायालयाच्या निवाड्यावाचून त्यास शिक्षा देऊ नये. आणि हे बंधन झगड्यातील प्रत्येक पक्षावर आहे, म्हणजे सरकारवर आहे तसेच बंडखोरांवरही. त्याच्या आदल्या वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला होता. त्याच्या पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघण्याजोगी इंग्रजी शब्दयोजना होती, ती बदलून 'सर्व मानव' अशी करविण्यात मुंबईच्या हंसाबेन मेहता यांचा मोठा वाटा होता. आमच्या मुलींनी हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भारताने जिनिव्हा करार १९५० साली मंजूर केले, व १९६० साली संसदेने त्यांचा कायदा केला.

१९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी बंदिवान भारताच्या ताब्यात आले. रेडक्रॉसचे प्रतिनिधी त्यांच्या छावण्या पाहत, आणि १९७४ पर्यंत ते स्वदेशी परतले. त्याच युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या काही अधिकारी-जवानांची नावे मात्र पाकिस्तानच्या यादीत आली नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे त्यांपैकी एक. १९८३ व २००७ साली बेपत्तांच्या नातेवाइकांनी पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहिले, पण कोणी सापडले नाही. यादीत नाव नसणे याचा अर्थ घरच्या माणसांसाठी काय होतो, हे यावरून समजेल.

आता हेगच्या खटल्याकडे येऊ. श्री. कुलभूषण सुधीर जाधव यांचा जन्म १९७० साली सांगलीस झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातले. ते नौदलात अधिकारी होते. २०१६ च्या मार्चात पाकिस्तानने जाहीर केले की, बलुचिस्तानात हेरगिरी व घातपात करीत असता आम्ही त्यांस पकडले आहे. भारताचे म्हणणे असे की, ते नौदलातून निवृत्त होऊन इराणात व्यापार करीत होते, व तेथून त्यांस पळवून नेण्यात आले. यांपैकी खरे काय, हे ठरविणे आपल्या हाती नाही, आणि ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, हेगच्या न्यायालयानेही ते ठरविले नाही. त्याच्यापुढील प्रश्न निराळाच होता.

तो प्रश्न १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा होता. या कराराचे छत्तिसावे कलम असे आहे की, परदेशी मनुष्यास अटक केली तर त्याचे हक्क त्यास विनाविलंब सांगावे, त्याने इच्छिल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीस तसे कळवावे, आणि त्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांस त्यास भेटू द्यावे, पत्रव्यवहार करू द्यावा व वकील मिळवून देऊ द्यावे. परमुलखात पकडलेल्या माणसास भाषा परकी, कायदा परका, ओळखीचे कोणी नाही. त्याच्या देशाचा अधिकारी हाच तेवढा एक दुवा. भारताने ही भेट वारंवार मागितली, ती मिळाली नाही. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने श्री. जाधव यांस फाशीची शिक्षा सुनावल्याचे जाहीर झाले. ८ मे रोजी भारत हेगला गेला, आणि १८ मे रोजी न्यायालयाने आदेश दिला की, अंतिम निकाल होईपर्यंत फाशी देऊ नये. हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. त्यांनी मेहनताना म्हणून केवळ एक रुपया घेतल्याचे त्या वेळच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केले होते.

मधल्या काळात, २५ डिसेंबर २०१७ रोजी, इस्लामाबादेस आई व पत्नी यांची श्री. जाधव यांच्याशी भेट झाली. मध्ये काचेची भिंत, आणि बोलणे यंत्रातून. भेटीनंतर आपल्या परराष्ट्र खात्याने तक्रार केली की, दोघींना मंगळसूत्र, बांगड्या व कुंकवाची टिकली काढावयास लाविले, आणि मातेस मराठीत बोलू दिले नाही, ती मराठीत बोलू लागताच वरचेवर अडविण्यात आले. पाकिस्तानने आरोप नाकारले. मुलाशी मराठीत बोलता येऊ नये, हे वाक्य येथील कोणत्याही आईला विस्ताराने समजावून सांगावे लागणार नाही.

१७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. सोळा न्यायाधीशांपैकी पंधरांनी ठरविले की, पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे. पाकिस्तानचा एक बचाव असा होता की, हेरास हा हक्कच नसतो. न्यायालयाने तो मानिला नाही, कारण करारात असा अपवाद कोठेही लिहिलेला नाही. वर्गात मी याच मुद्द्यावर अधिक वेळ घालवितो. हक्क सज्जनांसाठी असतो व आरोपीने तो गमावलेला असतो, अशी समजूत मोठ्या माणसांतही असते. पण निर्दोष माणसास सोडविण्याचा मार्ग तरी त्याच हक्कातून जातो, कारण खटला नीट चालल्यावाचून तो निर्दोष आहे हे कळणार कसे?

भारताने मागितले ते सर्वच मिळाले असे नाही. शिक्षा रद्द करावी, श्री. जाधव यांस सोडून स्वदेशी पाठवावे, या मागण्या न्यायालयाने अमान्य केल्या. पाकिस्तानने निकालाचा परिणामकारक फेरविचार करावा व तोवर फाशी स्थगित ठेवावी, एवढेच सांगितले. आमच्या वृत्तपत्रांनी त्या दिवशी संपूर्ण विजयाचे मथळे दिले, त्यांनी निकालाचा हा भाग वाचकांस नीट सांगितला असता तर बरे झाले असते. २ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय अधिकाऱ्यास प्रथम भेट मिळाली. २०२१ साली पाकिस्तानने फेरविचाराची सोय करणारा कायदा केला, पण तो अपुरा असल्याचे भारताने म्हटले.

न्यायालयाजवळ फौज नाही, मग त्याचे कोण ऐकतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. १९९९ साली अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानाने लाग्रांड नावाच्या जर्मन बंधूंपैकी दुसऱ्यास, हेगचा आदेश आलेला असताना, त्याच दिवशी देहान्त शिक्षा दिली. मेक्सिकोच्या नागरिकांविषयी २००४ साली निकाल लागूनही २००८ साली टेक्सासने त्यांपैकी एकास मारले. बलाढ्य राष्ट्राने मनावर घेतले नाही तर निकाल कागदावर राहतो. परंतु श्री. जाधव यांच्या बाबतीत त्या मे महिन्यातील आदेशानंतर फाशी दिली गेली नाही, हेही तितकेच खरे आहे.

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे. २१ मे २००८ च्या करारान्वये भारत व पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै या दिवशी परस्परांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. त्या याद्यांत हेर थोडे, आणि समुद्रात न दिसणारी सीमा ओलांडलेले मच्छीमार फार. आपल्या राज्याच्या पालघर किनाऱ्यावरचे खलाशीही त्यांत सापडतात. आपल्या तुरुंगांतही त्या देशाचे मच्छीमार असतात, आणि त्यांच्याही माता कोणत्या तरी भाषेत बोलत असतील.

घरच्या कोठडीविषयी थोडे सांगून लेखणी ठेवितो. छळाविरुद्धच्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण नुसती सही म्हणजे मंजुरी नव्हे, हे वर जपानच्या उदाहरणात आलेच आहे. याबाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अधिक काम केले. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात त्याने नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचा लेख जागच्या जागी तयार करून त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातील प्रतिष्ठित इसमाची साक्ष घ्यावी. नातलगास अगर मित्रास कळवावे. कोठडीत असता दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. आणि हे नियम प्रत्येक पोलीस ठाण्यात सर्वांस दिसेल अशा जागी लावावेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमाने तर, पकडलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी ठळकपणे प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. जिनिव्हाच्या कार्डाचेच हे आपल्या गावातील रूप होय. इयत्ता नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत वडीलधाऱ्यांसमवेत आपल्या ठाण्यावर जाऊन ती यादी व ते नियम कोठे लाविले आहेत, व ते वाचता येण्याजोगे आहेत की नाहीत, हे पाहून यावे.